योगायोग : देवाची खूण की आपली समजूत?



"काल ज्याची आठवण काढली, तोच आज दारात उभा!" असे अनुभव घरोघरी सांगितले जातात. मग मनात येते, हा नुसता योगायोग, की देवाने दिलेली खूण?

पवित्र शास्त्राला योगायोग परका नाही. विधवा रूथ सरवा वेचायला निघाली आणि योगायोगाने बवाजच्याच शेतात पोहोचली (रूथ २:३). पुढे त्यांच्याच वंशात दावीद राजा झाला. मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत रूथचे नाव लिहिले. पण रूथ खूण शोधायला निघाली नव्हती. उपाशी सासूसाठी ती राबायला निघाली होती. देवाची योजना तिला कर्तव्याच्या वाटेवर भेटली.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही याजक त्या वाटेने योगायोगानेच येतो (लूक १०:३१). जखमी माणूस याजकाला दिसला, लेव्याला दिसला, शोमरोन्यालाही दिसला. प्रसंग तिघांसाठी एकच. थांबला मात्र एकच. योगायोगाचा अर्थ आपल्या प्रतिसादातून उलगडतो, हे येथे दिसते.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातले उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक अनोळखी गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांनी ते पुस्तक वाचले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. विचार, शंका, प्रार्थना यांतून जात १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमतही मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाईंची अनेक वर्षे ताटातूट झाली. डब्यातली भेट काही क्षणांची. ते पुस्तक पेटीतच पडून राहिले असते, तर त्या भेटीला काय अर्थ उरला असता?

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. जुळलेली एक गोष्ट आपण वर्षानुवर्षे सांगतो, न जुळलेल्या शंभर विसरतो. स्वप्नात आलेला आकडा मटक्यावर लावणे, शकुन-अपशकुन पाहणे ही श्रद्धा नव्हे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २११६) शकुन पाहणे आणि भविष्य काढणे स्पष्टपणे नाकारतो.

दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावताना तर फारच जपावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. घरांची छपरे उडाली; श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्याचे घर वाचले त्याने देवाचे उपकार जरूर मानावेत. पण शेजाऱ्याचे छप्पर त्याच्या पापामुळे उडाले, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक पापी होते का, असा प्रश्न प्रभूनेच विचारला आणि 'नाही' असे उत्तरही दिले. उलट, ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करण्यास सांगितले (लूक १३:४-५). ज्याचे छप्पर शाबूत राहिले, त्याच्यासाठी त्या दिवसाचा अर्थ एवढाच, की त्याने आपले दार शेजाऱ्याला उघडावे.

या आठवड्यात चिंतनासाठी :

१. हा योगायोग मला प्रेमाकडे, क्षमेकडे, कर्तव्याकडे नेतो, की केवळ लाभाकडे आणि भीतीकडे?

२. त्यातून मी स्वतःला तपासतो, की दुसऱ्याला दोषी ठरवतो?

३. मोठा निर्णय घेताना प्रार्थना, घरच्यांचा विचार आणि धर्मगुरूंचा सल्ला घेतो, की एका खुणेवरच विसंबतो?

प्रार्थना : हे प्रभो, आज माझ्या वाटेवर जो कोणी येईल, त्याच्यापाशी थांबण्याची सुबुद्धी मला दे. आमेन.