दोघांचे उत्तर एकच

मी कला शाखेचा विद्यार्थी. विमानविद्येवर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. परंतु एका प्रश्नाने मला ग्रंथालयात बसविले.

आमचे घर वारज्यात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलन असले, की सुखोई विमानांची गर्जना आमच्या गच्चीपर्यंत येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या हवाई प्रदर्शनात भारताच्या नियोजित 'ॲम्का' विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती मांडली होती. तिचे छायाचित्र पाहून एक मित्र म्हणाला, "ही तर अमेरिकेच्या एफ-२२ ची नक्कल!"

वरवर पाहता ते खरे वाटते. अमेरिकेचे एफ-२२ प्रथम उडाले १९९७ मध्ये, रशियाचे सुखोई-५७ २०१० मध्ये, चीनचे जे-२० २०११ मध्ये आणि तुर्कस्तानचे 'कान' २०२४ मध्ये. सर्वांची ठेवण एकाच घरातल्या भावंडांसारखी!

याचे कारण रडारमध्ये आहे. लहानपणी आम्ही दोन भिंतींच्या कोपऱ्यात चेंडू मारीत असू. तो दोन्ही भिंतींवर आपटून नेमका आमच्याकडेच परत येई. रडारच्या लहरीही काटकोनातून अशाच माघारी जातात. सुखोई-३० ची शेपटीची पाती सरळ उभी असतात आणि क्षेपणास्त्रे पंखांखाली टांगलेली असतात. त्यामुळे लहरींना असे कोपरे अनेक सापडतात. म्हणून नव्या विमानांत पाती तिरपी झाली, शस्त्रे पोटात गेली आणि पंख व शेपटीच्या कडा परस्परांना समांतर आल्या. लहरी मोजक्याच दिशांना फेकल्या जाव्यात, हा त्यामागील हेतू.

हे गणितही कुणा एका देशाचे नाही. कडांवरून लहरी कशा विखुरतात, याचा सिद्धान्त सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि त्याचा उपयोग प्रथम अमेरिकनांनीच केला! तेव्हाच्या संगणकांना सपाट पृष्ठभागांचाच हिशेब जमे, म्हणून १९८१ मध्ये उडालेले एफ-११७ पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे दिसते. संगणक सुधारले आणि वळणे आली.

चोरी होतच नाही, असे मात्र नाही. लष्करी विमानांची माहिती चोरण्याच्या कटात सहभाग असल्याची कबुली एका चिनी व्यावसायिकाने २०१६ मध्ये अमेरिकन न्यायालयात दिली. तरीही केवळ चेहरा सारखा, हा चोरीचा पुरावा नव्हे. बारकाईने पाहिले, तर जे-२० ला पुढे छोटे पंख आहेत. एफ-२२ ची धुराडी चपटी, तर सुखोई-५७ ची गोल आहेत.

शाळेत एकदा माझे आणि शेजारच्या मुलाचे गणिताचे उत्तर जुळले, म्हणून आम्हा दोघांना तासभर उभे केले होते. आमची रीत कुणी पाहिलीच नाही. शाळेची पायरी न चढलेले माझे वडील त्या रात्री म्हणाले, "गणित एकच असंल, तर बरोबर उत्तर दोघांचं एकच येणार की!"

मित्राला मी तेच सांगितले.