संशोधनाचं सॉफ्टवेअर चालू ठेवायला वर्षाला किती खर्च येतो?

हिंगोली जिल्ह्यात संशोधन म्हटलं की आता दोन नावं निघतात. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आणि वसमतचं हळद संशोधन केंद्र. लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. एवढ्या मोठ्या प्रकल्पात संगणक आणि सॉफ्टवेअर यांचा विचार सुरुवातीपासून होतो. पण जिल्ह्यातल्याच गोरेगावचा एखादा विद्यार्थी परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पीएचडी करताना, हळदीच्या पानाच्या फोटोवरून करपा ओळखणारा प्रोग्रॅम लिहितो, तेव्हा त्या प्रोग्रॅमचा पुढचा खर्च कोण करणार हा प्रश्न कुणी विचारत नाही. प्रबंध मंजूर होतो, पदवी मिळते, विद्यार्थी नोकरीला लागतो. दोन-तीन वर्षांनी तो प्रोग्रॅम कुणी उघडायला गेलं तर उघडत नाही. हे लेखन अशा विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या मार्गदर्शकांसाठी आणि महाविद्यालयाच्या हिशेब विभागासाठी आहे.

न वापरताही बिघडतं कसं?

कोडमध्ये एक अक्षरही बदललं नाही तरी भोवतालचं सगळं बदलत राहतं. पायथन २ या भाषेचा आधार १ जानेवारी २०२० रोजी कायमचा थांबला. तोवर त्यात लिहिलेले हजारो वैज्ञानिक प्रोग्रॅम पायथन ३मध्ये आणावे लागले किंवा सोडून द्यावे लागले. आज पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षांचा आधार मिळतो. एप्रिल २०२०मध्ये आर या संख्याशास्त्रीय भाषेची ४.० आवृत्ती आली आणि तक्ता वाचताना मजकुराचे रकाने ‘फॅक्टर’ म्हणून धरायची जुनी सवय तिने सोडली. जुन्या सवयीवर विसंबून लिहिलेले प्रोग्रॅम तेव्हा तपासून घ्यावे लागले. जून २०२४मध्ये नमपाय या संगणन लायब्ररीची २.० आवृत्ती आली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या बऱ्याच लायब्रऱ्या नव्याने बांधाव्या लागल्या. मोबाइल अ‍ॅपचं तर दरवर्षीचंच काम असतं. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की गूगल प्ले अ‍ॅप त्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला सांगतं. नाही जुळवलं तर नवा फोन घेणाऱ्या शेतकऱ्याला ते अ‍ॅप प्ले स्टोअरवर दिसेनासं होतं.

सगळ्यात धोक्याचा बिघाड न दिसणारा असतो. प्रोग्रॅम चालतो, उत्तर देतो, पण उत्तर चुकीचं असतं. म्हणून देखभालीत तपासणी येतेच. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना दर आवृत्तीगणिक चालवून पाहावा लागतो.

आता पैशाचा हिशेब

आधी फुकट मिळणाऱ्या गोष्टी, कारण त्यांच्यासाठी दरपत्रकं मागवत बसलेले लोक असतात. कोड सार्वजनिक असेल तर गिटहबवर ठेवायला आणि तिथेच त्याची आपोआप चाचणी घ्यायला पैसे लागत नाहीत. युरोपातल्या सर्न या संस्थेतून चालणाऱ्या झेनोडो संग्रहात प्रत्येक आवृत्ती जपून ठेवता येते आणि तिला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो, तेही विनाशुल्क. संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट फुकट देतं. सॉफ्टवेअरवरचा शोधनिबंध ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’मध्ये छापायला शुल्क नाही. भारतात प्रोग्रॅमचा कॉपीराइट नोंदवायचा असेल तर तो साहित्यकृती म्हणून नोंदवला जातो आणि त्याचं शुल्क ५०० रुपये आहे. नोंदणी सक्तीची नाही. हक्क लिहिताक्षणीच निर्माण होतो.

लहान खर्च असे. इंटरनेटवरचा छोटा सर्व्हर महिन्याला हजार रुपयांच्या आसपास धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाचे १४,१६० रुपये. डोमेन नावासाठी वर्षाला हजार रुपये बाजूला ठेवा. बॅकअपची हार्ड डिस्क तीन वर्षांत एकदा घ्यायची, म्हणून वर्षाला ३,००० रुपये. गूगल प्लेवर खातं उघडायचे २५ डॉलर एकदाच लागतात. वापरणाऱ्यांसाठी वर्षातून एक प्रशिक्षण घ्यावं. प्रवास, चहापान आणि छपाई मिळून १५,००० रुपये. सर्व्हर महाविद्यालयातच ठेवायचा विचार असेल तर यूपीएस आणि तीन-चार वर्षांनी बदलायच्या बॅटऱ्या हिशेबात घ्या. वीज जाते तिथे माझं मत बाहेरच्या सर्व्हरकडे झुकतं.

मोठा खर्च माणसाचा. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यांनी १ जानेवारी २०२३पासून लागू केलेले दर असे: कनिष्ठ संशोधन छात्राला महिना ३७,००० रुपये, वरिष्ठ छात्राला ४२,०००, आणि पीएचडी झालेल्या रिसर्च असोसिएटला पहिल्या श्रेणीत ५८,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. असा रिसर्च असोसिएट आठवड्यातला एक कामाचा दिवस फक्त देखभालीला देतो असं धरू. म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा, महिना ११,६०० रुपये. त्यावर १० टक्के घरभाडे भत्ता धरला तर वर्षाला १,५३,१२० रुपये. यात वरचा सर्व्हर, डोमेन, डिस्क आणि प्रशिक्षण मिळवलं की एकूण होतात १,८६,२८०.

या रकमेतला ८२ टक्क्यांहून जास्त भाग माणसाच्या वेळेचा आहे. बहुतेक प्रस्तावांत नेमका हाच भाग नसतो. संगणक असतो, प्रिंटर असतो, प्रवासभत्ता असतो. पण तिसऱ्या वर्षी आलेली तक्रार वाचून चूक दुरुस्त करणारा माणूस नसतो. तो ज्या प्रस्तावात नाही, त्यात सॉफ्टवेअर टिकवण्याची तरतूद नाही असंच मी मानतो.

याहून स्वस्त मार्ग आहे आणि लहान कामाला तो पुरतो. सर्व्हर नको, अ‍ॅप नको. आर किंवा पायथनमधलं एक नीटनेटकं पॅकेज करा, ज्याला हवं तो ते आपल्या संगणकावर उतरवून घेईल. मग रोख खर्च जवळजवळ शून्य. वेळ मात्र लागतोच. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले तर कनिष्ठ छात्राचा एक दिवस १,४८० रुपयांचा पडतो. महिन्यातून एक दिवस दिला तर वर्षाचे १७,७६०. सॉफ्टवेअर कंपन्या वार्षिक देखभालीला मूळ किमतीच्या १५ ते २० टक्के मागतात. तुमचा अंदाज त्याच्या फार खाली येत असेल तर काहीतरी धरायचं राहिलं आहे असं समजा.

पैसे कुठून आणायचे

पहिली जागा मूळ प्रकल्पच. संशोधन निधीसाठी सध्या देशातली मोठी संस्था म्हणजे २०२३च्या कायद्याने स्थापन झालेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. जुनं एसईआरबी हे निधी देणारं मंडळ त्यातच विलीन झालं. प्रस्तावात मनुष्यबळ, आकस्मिक खर्च, उपकरणं असे ठरलेले रकाने असतात. देखभालीला वेगळा रकाना शोधू नका. ती मनुष्यबळात बसवा आणि समर्थनाच्या परिच्छेदात स्पष्ट लिहा: आठवड्यातला एक दिवस चाचणी, दुरुस्ती आणि दस्तऐवजीकरण. प्रकल्प तीन वर्षांचा असेल तर प्रोग्रॅम दीड वर्षात तयार होईल असं नियोजन ठेवा, म्हणजे उरलेल्या दीड वर्षात देखभालीची घडी प्रकल्पाच्या पैशातच बसेल. प्रकल्प संपला की उपयोगिता प्रमाणपत्र जातं आणि शिल्लक रक्कम परत करावी लागते. म्हणून डोमेनचं नूतनीकरण आधीच पुढच्या काही वर्षांसाठी करून ठेवा; .इन नावाला एका वेळी दहा वर्षांपर्यंतची मुदत मिळते. प्रकल्पानंतरच्या काळाचा खर्च लेखापरीक्षणात अडू शकतो, तेव्हा लेखी मंजुरी आधी घ्या.

दुसरी जागा देशी देणगी निधी. झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये फ्लॉस/फंड सुरू केला. मुक्त सॉफ्टवेअरला वर्षाला १० लाख डॉलर द्यायचे आणि एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलरपर्यंत, अशी ती योजना आहे. अर्जासाठी आपल्या कोडजवळ खर्चाची माहिती देणारी एक ठरावीक फाइल ठेवावी लागते. पण हा निधी आधीच मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या सॉफ्टवेअरसाठी आहे. नव्या प्रबंधातल्या प्रोग्रॅमने तिथे अर्ज करून वेळ घालवू नये.

परदेशातही हे सोपं नव्हतं. लायगोच्या माहितीचं विश्लेषण ज्यावर उभं आहे त्या नमपायची पहिली मुख्य आवृत्ती २००६ची. गुरुत्वीय लहर प्रथम टिपली गेली १४ सप्टेंबर २०१५ला. आणि नमपायच्या विकासासाठी पहिला थेट निधी मिळाला २०१७मध्ये, मूर फाउंडेशनकडून, ६,४५,०२० डॉलर. अकरा वर्षं जगभरातल्या विज्ञानाचा हा पाया प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या वेळेवर चालला. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. ब्रिटनने मात्र २०१०मध्येच सॉफ्टवेअर सस्टेनॅबिलिटी इन्स्टिट्यूट काढली आणि २०१२पासून तिथे ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ या पदनामाची मागणी सुरू झाली. आपल्या विद्यापीठांतही अशा पदाची गरज आहे. पाच विभागांत मिळून एक माणूस ठेवला तरी चालेल.

परदेशी संस्थेकडून पैसे घ्यायचे असतील तर आधी संस्थेच्या हिशेब विभागाला विचारा. परदेशी अंशदान कायद्याखाली (एफसीआरए, २०१०) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि नोंदणीकृत संस्थेला ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. ‘माझ्या खात्यात पाठवा’ असं मार्गदर्शकाने परस्पर लिहून टाकू नये.

तिसरा मार्ग पैशाचा नाही, श्रमाचा आहे, आणि मला तो सगळ्यात विश्वासाचा वाटतो. लायगो सहकार्यात सामील होणारा प्रत्येक गट करारपत्रात लिहून देतो की आमची माणसं सामायिक कामाला अमुक इतका वेळ देतील. सॉफ्टवेअरची देखभाल त्यात मोजली जाते. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्थाही या सहकार्यातच आहे. हीच पद्धत लहान पातळीवर आणता येते. एकच प्रोग्रॅम वापरणाऱ्या तीन-चार महाविद्यालयांनी एका पानाचा करार करावा आणि वर्षातले काही दिवस वाटून घ्यावेत. विद्यार्थी गेला तरी काम सांभाळणारं कुणीतरी राहतं.

तुम्ही फक्त वापरणारे असाल तर

कृषी पदव्युत्तर विद्यार्थी प्रयोगाच्या आकडेवारीसाठी हिसारच्या कृषी विद्यापीठातलं ऑपस्टॅट, गोव्याच्या आयसीएआर संस्थेचं वॉस्प किंवा केरळ कृषी विद्यापीठाचं ग्रेप्स ही फुकट साधनं वापरतात. संस्थांनी आणि तिथल्या मोजक्या शास्त्रज्ञांनी दिलेली ही मोठी देणगी आहे. वापरताना आवृत्ती आणि तारीख प्रबंधात लिहा, निकालाची प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि संदर्भसूचीत त्या साधनाचं नाव जरूर द्या. असे उल्लेख मोजूनच त्या लोकांना पुढचा निधी मागता येतो. विकतचं सॉफ्टवेअर घेण्याआधी विद्यापीठाचा सामायिक परवाना आहे का ते विचारा. जुलै २०२२मध्ये सार्वजनिक संशोधन संस्थांची जीएसटी सवलत गेली. पूर्वी ५ टक्क्यांत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तेव्हापासून १८ टक्के कर पडू लागला. अंदाजपत्रकात जुना दर धरू नका.

पैसे संपलेच तर

बंद करायचं तर व्यवस्थित बंद करा. शेवटची चालणारी आवृत्ती, नमुन्याची माहिती आणि तिचं अपेक्षित उत्तर झेनोडोवर ठेवा. कोणत्या पायथन किंवा आर आवृत्तीवर ती चालते ते लिहा. परवाना फाइल हवीच, नाहीतर दुसऱ्या कुणाला ते काम कायदेशीरपणे पुढे नेता येत नाही; प्रोग्रॅमचे हक्क संस्थेकडे असतील तर कुलसचिवांचं पत्र घेऊन मगच परवाना लावा. पहिल्या पानावर तारखेसह लिहा की देखभाल थांबली आहे. अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढून घ्या, म्हणजे ते नव्याने उतरवून घेऊन जुन्या सल्ल्यावर आणखी कुणी हळदीवर चुकीची फवारणी करणार नाही. सर्व्हर, डोमेन आणि प्लेच्या खात्यांचे पासवर्ड विभागप्रमुखांकडे लेखी सुपूर्द करा आणि पोच घ्या.