घरधन्याच्या मनाची मशागत



कपाशीच्या पात्या-फुलांवर अळी दिसू लागली की आपण लगेच कृषी सहायकाला विचारतो. घरातील कर्त्या पुरुषाचे वागणे बदलले, तर मात्र ते महिनोन्महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. वऱ्हाडातील अनेक कुटुंबांनी या दुर्लक्षाची मोठी किंमत मोजली आहे. या प्रश्नावर शासनाने काय केले, अभ्यासातून काय आढळले आणि आपण घरी काय करावे, याची माहिती येथे दिली आहे.

शासकीय प्रयत्न

डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी १,०७५ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याच्या अंमलबजावणीसाठी अमरावती येथे वसंतराव नाईक शेतकरी स्वावलंबन मिशन स्थापन झाले. जुलै २००६ मध्ये केंद्राने ३,७५० कोटींचे पॅकेज दिले. त्याच वर्षी विभागात घरोघरी पाहणी झाली. तीत १७ लाखांहून अधिक कुटुंबांची माहिती घेण्यात आली व चार लाखांहून अधिक कुटुंबे तीव्र विवंचनेत आढळली.

सुरुवातीला सर्व भर कर्ज, व्याज व सिंचन यांवर होता. मनाच्या आरोग्यासाठी आरोग्य विभागाने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा कार्यकर्तीने घरभेट देऊन तणावाखालील शेतकरी ओळखावा व त्याला समुपदेशकाकडे पाठवावे, अशी पद्धत ठरविण्यात आली.

अभ्यासातून काय आढळले?

मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने जानेवारी २००६ मध्ये राज्य शासनाला अहवाल सादर केला. त्यानुसार राज्यात दर लाख पुरुष शेतकऱ्यांमागे आत्महत्यांचे प्रमाण १९९५ मध्ये १५ होते, ते २००४ मध्ये ५७ झाले. वाशीम, वर्धा व यवतमाळ जिल्ह्यांतील १११ घटनांच्या अभ्यासात कर्ज ही सर्वाधिक आढळणारी बाब होती. निम्म्याहून अधिक घटनांत आणखी एक बाब दिसली. त्या माणसाने आपली अडचण घरात कोणालाच सांगितली नव्हती.

यामागे आपली जुनी सवय आहे. पोरगा रडला की “पोरीसारखं काय रडतं रे” असे आपण म्हणतो. तोच पोरगा मोठा झाल्यावर सोसायटीची नोटीस उशाखाली दडवून ठेवतो.

मदत जवळ आली तर माणूस ती घेतो, हेही सिद्ध झाले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. तेथे नैराश्य असलेल्या दर शंभरांपैकी उपचार घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ वरून २७ पर्यंत वाढली.

ओळखण्याच्या खुणा

१) झोप व जेवण कमी होणे.
२) पारावर, लग्नकार्यात जाणे टाळणे.
३) दारू वाढणे किंवा क्षुल्लक कारणावरून चिडणे.
४) हंगाम असूनही शेतात न जाणे.
५) निरवानिरवीची भाषा करणे.

दुबार पेरणी, अवकाळी पाऊस, मार्चमधील वसुली व मुलीचे लग्न या काळात विशेष लक्ष द्यावे.

उपाययोजना

१) वरील खुणा दिसल्यास त्याला एकट्याने बसवून शांतपणे विचारावे. “जगणं नकोसं वाटतं काय?” असे स्पष्ट विचारण्याने तो विचार वाढत नाही, उलट मन मोकळे होते. उपदेश करू नये. त्याला एकटे सोडू नये.

२) फवारणीची औषधे घरात वा गोठ्यात उघडी ठेवू नयेत. ती कुलूपबंद ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. गरजेपुरतीच खरेदी करावी. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. पिकांचे उत्पादन मात्र घटले नाही.

३) बँक, सोसायटी, कृषी केंद्र व सावकार यांचे सर्व देणे एका कागदावर लिहून पती-पत्नीने एकत्र पाहावे. नापिकी झाल्यास कर्जाच्या पुनर्गठनाबाबत बँकेत वेळेत चौकशी करावी. अवैध सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे २०१४ च्या कायद्यानुसार करता येते.

४) ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत मराठीत बोलता येते. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात (इर्विन) मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावे. औषध सुरू झाल्यास मध्येच बंद करू नये.

शेतकरी बंधूंनो, एक हंगाम बुडाला तर पुढचा पेरता येतो. पेरणारा माणूस मात्र घरात राहिला पाहिजे. तेव्हा आज दिवेलागणीला जेवायला बसल्यावर भावाला, मुलाला, वडिलांना पिकाबरोबरच त्यांच्या मनाचीही विचारपूस करावी.