काटा अडला तर

अगं, रात्रीचं जेवण सोडू नकोस. आणि मैत्रिणीनं सांगितलं म्हणून कॉफीत तूपही वाढवू नकोस. काटा दोन आठवडे सत्तरवरच आहे म्हणून तू धास्तावलीस, ते फोनवर तुझ्या आवाजातच कळलं. माझा जन्म रुग्णालयाच्या आहार विभागात गेला. तिथे आमच्या थोरल्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मी पुढे हाताखालच्या प्रत्येक मुलीला सांगत आले: वजन थांबलं की आधी माणसाला थांबवायचं, मग त्याच्या ताटाकडे बघायचं.

तुझाच हिशेब मांडते. कीटो आहार धरल्यापासून तू 78 किलोवरून 70 वर आलीस. त्यातले तीन किलो पहिल्या पंधरवड्यातच गेले, आणि तिथेच तुझी अपेक्षा चुकीच्या जागी बसली. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून अर्धा किलोच्या आसपास साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पोळी-भात बंद झाला की हा साठा उतरतो, त्याबरोबर पाणी जातं, मीठही जातं. म्हणजे त्या तीन किलोंतलं बरंचसं पाणी होतं. उरलेले पाच किलो पुढच्या साडेतीन-चार महिन्यांत गेले, म्हणजे आठवड्याला साधारण 300 ग्रॅम. चरबी उतरण्याचा तुझा खरा वेग हा आहे, आणि तो चांगला आहे.

आता बघ, आठवड्याचे 300 ग्रॅम लपायला काय लागतं? आदल्या दिवशी लोणचं-पापड जास्त झालं, की शरीर पाणी धरतं. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस कित्येक बायकांचा काटा किलोभर वर असतो. दोन दिवस पोट साफ झालं नाही तरी फरक पडतो. म्हणून दोन आठवड्यांत काही दिसलं नाही तर त्याला अडणं म्हणायचं नाही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच जागी ठेवलेल्या काट्यावर वजन कर आणि आठवड्याची सरासरी काढ. ती सरासरी कालच्या आकड्याशी ताडायची नाही. मागच्या महिन्यात पाळीच्या हिशेबानं जो आठवडा होता, त्याच्याशी ताडायची. असे चार आठवडे सरासरी हलली नाही आणि कंबरही हलली नाही, तरच वजन अडलं म्हण.

कंबरेचं माप काट्याइतकंच महत्त्वाचं धर. शिंप्याची टेप घे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर, टेप न आवळता मोजायचं. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटीमीटरची मर्यादा सांगतात, पुरुषांसाठी 90. गणपतीत नेसलेल्या साडीवरचा ब्लाउज दिवाळीला दोन्ही बाजूंनी टीप मारून घ्यावा लागला आणि काटा मात्र तसाच, अशा किती जणी माझ्यासमोर हिरमुसून बसल्या होत्या! मी त्यांना ब्लाउजची ती जुनी शिवण दाखवायला लावायची. दोन टिपांमधलं बोटभर अंतर बघितलं की त्यांचा चेहरा बदलायचा.

समजा, खरंच अडलं. मग सात दिवस खाल्लेलं-प्यायलेलं सगळं वहीत लिहायचं. यात चुकारपणा चालत नाही. हा कीटो आहार वजन उतरवण्यासाठी जन्मालाच आलेला नाही, हे ठाऊक आहे का तुला? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी 1921 मध्ये तो अपस्माराच्या रुग्णांसाठी मांडला. लहान मुलांच्या फिट्ससाठी तो आजही देतात, आणि तिथे प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये तोलून ताटात येतो. आपण तोच आहार अंदाजपंचे करतो. पहिला महिना माणूस तोलून-मापून खातो, चौथ्या महिन्यात हात सैल होतो. बहुतेकांचं वजन अडतं ते इथे.

सगळ्यात आधी चहा बघ. 100 मिलिलिटर दुधात पाच ग्रॅमच्या आसपास दुधाची साखर असते. साखर न घातलेला पण दुधाचा चहा तू चार वेळा घेतलास आणि दर वेळी अर्धा कप दूध पडलं, तर तिथेच वीस ग्रॅम कार्ब्ज झाले. दिवसाला वीस ते तीस ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्या बाईनं मग भाजी खायचीच नाही का? मग कांदा. पनीरच्या भाजीला दोन मोठे कांदे परतून घेतले की कांद्याचेच पंधरा-वीस ग्रॅम येतात, ते दोघांत वाटले तरी कमी नाहीत. आमटीतला गूळ, कढीतलं बेसन, हॉटेलच्या सुपातलं कॉर्नफ्लोअर हे सगळं वहीत आलं पाहिजे. आणि ‘कीटो’ लिहिलेले लाडू-बिस्किटं घरात आणूच नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्ब्जपेक्षाही मोठा घोटाळा स्निग्धाचा असतो. कीटोत तूप-तेल चालतं म्हणजे कितीही चालतं, असं नाही. शरीर आधी ताटातली चरबी जाळतं, पोटावरचीला हात नंतर लागतो. तुपाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशे कॅलरी असतात. कॉफीत दोन चमचे घातलेस की अडीचशे झाल्या. मूठभर बदाम किंवा दाणे, म्हणजे 30 ग्रॅम, पावणेदोनशेच्या घरात जातात. आणि आठ किलो हलक्या झालेल्या शरीराला दिवसाला शंभर-दीडशे कॅलरी कमीच लागतात, शिवाय वजन उतरल्यावर शरीर स्वतःहूनही थोडं काटकसरीनं वागतं. म्हणजे ज्या ताटावर 78 चे 72 झाले, तेच ताट 70 ला जेमतेम वजन राखणारं ठरतं. यात तुझ्या निश्चयाचा काही दोष नाही, शरीर असंच चालतं.

तेल मोजायचा आमच्या बाईंचा उपाय अजून कुणी सुधारलेला नाही. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख घालायची. संपली की दिवस मोजायचे आणि घरातल्या माणसांनी भागायचे. चौघांच्या घरात लिटरची पिशवी आठ दिवसांत संपत असेल, तर माणशी रोज तीस मिलिलिटर तेल जातंय, वरचं तूप वेगळं.

मग कमी काय करायचं? एका वेळी एकच गोष्ट. आधी कॉफीतलं तूप आणि येता-जाता तोंडात टाकायचे दाणे, इतकंच बंद कर आणि तीन आठवडे बाकी काही बदलू नकोस. चार गोष्टी एकदम बदलल्यास, तर कशानं गुण आला ते तुला कळणार नाही. प्रथिनांना मात्र हात लावायचा नाही. दिवसाला 70 ते 80 ग्रॅम हवीत. दोन अंड्यांत बारा, 200 ग्रॅम पनीरमध्ये पस्तीस-चाळीस, बांगड्याच्या किंवा सुरमईच्या 100 ग्रॅममध्ये वीसेक. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते टिकावेत म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा थोडं वजन उचल, उठाबशा काढ. नुसतं चालणं पुरत नाही.

पालेभाजी आणि दोडका, पडवळ, दुधी, फ्लॉवर भरपूर ठेव, पोटासाठी. पायात गोळे येत असतील आणि रक्तदाब ठीक असेल, तर ताक मीठ घालून पी. लघवीतले कीटोन, म्हणजे चरबी जळताना बनणारे पदार्थ, दाखवणाऱ्या पट्टीचा रंग फिका झाला म्हणून घाबरू नकोस. शरीराला सवय झाली की कीटोन वाया कमी जातात, त्यामुळे त्या रंगावरून चरबी उतरते की नाही हे ठरत नाही. झोप सहा तासांच्या खाली जाऊ देऊ नकोस.

पुढच्या महिन्यात लग्न आहे. दोन दिवस जेवणं झाली, की काटा दीड किलो वर जाईल. ते रिकामं झालेलं ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी परत भरलेलं असेल. ती चरबी नाही. चार-पाच दिवसांत उतरेल. त्याचं प्रायश्चित्त म्हणून उपास करू नकोस, आणि केलास तर साबुदाण्याची खिचडी नको. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

आता कडक बोलते. मधुमेह असलेल्या ताईलाही तुझ्याबरोबर कीटो करायचंय म्हणालीस. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिला एक दिवसही करू देऊ नकोस. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कार्ब्ज तोडले, तर साखर एकदम खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांबरोबर कीटो केलं, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. मळमळ, उलट्या, धाप अशी लक्षणं दिसतात आणि माणूस थेट दवाखान्यात दाखल होतो. रक्तदाबाच्या गोळीचं प्रमाणही बदलावं लागू शकतं. तू स्वतः टीएसएच आणि लिपिड प्रोफाइल करून घे. थायरॉइड कमी असेल तर नुसतं ताटातून काढून वजन उतरणं कठीण जातं, आणि काहींचं एलडीएल कोलेस्टेरॉल या आहारात बरंच वाढतं. तसं झालं तर कीटो सोडायचं, त्यात हट्ट नको.

आणि पंचावन्न किलोवरच यायचं, हा आकडा डोक्यातून काढ. तुझी उंची 160 सेंटीमीटर. भारतीयांसाठीच्या निकषांनी 64 च्या खाली आलीस की लठ्ठपणाच्या रेषेबाहेर येतेस, 59 च्या खाली वजन योग्य गटात. मूळ वजनाचा दहावा हिस्सा तू आजच उतरवला आहेस, आणि साखर-रक्तदाबाला त्यानं खरा फायदा होतो. सगळं करूनही दोन-तीन महिने काटा हलला नाही, तर मन मारून कीटो ओढत बसू नकोस. एका जेवणात अर्धी ज्वारीची भाकरी घे, तेल तितकंच कमी कर, आणि मिळवलेलं वर्षभर टिकव. टिकवणं हे उतरवण्याहून अवघड काम आहे, आणि ते ज्यांना जमलेलं मी पाहिलं त्या सगळ्या पुन्हा भाकरीवर आलेल्या होत्या.

सोमवारपासून वही सुरू कर. सात दिवसांनी पानांचे फोटो पाठव, तेलाच्या पिशवीवरच्या तारखेसकट. मी बघून सांगते.