वेदनाशामक औषधे आणि नोंदीचा नियम

मोर्शीच्या बाजारपेठेतील औषधाच्या दुकानात झोपेच्या गोळ्या मागितल्या, की नियमाने वागणारा दुकानदार प्रथम डॉक्टरांची चिठ्ठी पाहतो आणि नंतर एक निराळी वही उघडतो. ग्राहकास हा नाहक विलंब वाटतो. वस्तुतः ती नोंद समाजाच्या आणि रुग्णाच्याही हिताची आहे.

दुकानातील नोंद

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार औषधविक्रीचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. ह्या नियमांत २०१३ साली 'एच-१' ही अनुसूची घालण्यात आली व ती १ मार्च २०१४ पासून अंमलात आली. अल्प्राझोलम, डायझेपाम, कोडीन आदी औषधे तीत मोडतात. ती देताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. 'एक्स' अनुसूचीतील औषधांना निराळा परवाना लागतो. त्यांची चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते; पैकी एक प्रत दुकानात दोन वर्षे राहते आणि साठा कुलपात ठेवावा लागतो.

कडक कायद्याची दुसरी बाजू

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ ह्या कायद्याने व्यसनाच्या व्यापारास कठोर शिक्षा ठरवून दिल्या. परंतु अफूपासून मिळणारे मॉर्फीन कर्करोगाच्या तीव्र वेदनांवरील प्रमुख औषधही आहे. निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने आणि शिक्षेचे भय यांमुळे पुष्कळ रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. गैरवापर रोखण्यासाठी केलेला बंदोबस्त असा रुग्णाच्याच वाट्याला आला.

ही उणीव ओळखून संसदेने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फीन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही 'अत्यावश्यक' गुंगीकारक औषधे ठरविण्यात आली. २०१५ च्या नियमांनी अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी केली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो आणि आलेल्या व दिलेल्या औषधांचा चोख हिशेब ठेवावा लागतो.

गावाचे कर्तव्य

मोर्शीहून अमरावती पन्नासहून अधिक किलोमीटर दूर आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या मुलाने संत्र्याच्या बागेतील काम टाकून, ठिकाण ठाऊक नसताना, गोळ्यांसाठी वणवण करावी हे उचित नव्हे. जवळची मान्यताप्राप्त संस्था कोणती, याची चौकशी पंचायत सदस्यांनी सरकारी रुग्णालयात अथवा अन्न व औषध प्रशासनाच्या अमरावती येथील कार्यालयात करून ती माहिती ग्रामसभेत सांगावी. जवळपास अशी संस्था नसल्यास रुग्णालयाने मान्यता घ्यावी, असा ठराव करून आरोग्य विभागाकडे पाठवावा. शिक्षकांनी खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाचा धोका विद्यार्थ्यांना समजावून द्यावा. रुग्ण दगावल्यावर उरलेल्या गोळ्या घरात न ठेवता कुटुंबाने त्या संस्थेकडे परत नेऊन द्याव्यात.

नोंद नीट राहिली, तर अधिकाऱ्यास संशयाचे कारण उरत नाही आणि डॉक्टरास भय वाटत नाही. मग औषध त्याची खरी गरज असलेल्या रुग्णाच्या हाती वेळेवर पडू शकते.