यमक जुळविण्याचा पाठ

इयत्ता चौथीच्या वर्गात ‘पाऊस’ या विषयावर चार ओळींचे गाणे करावयास सांगितले असता बहुतेक मुले ‘आला–गेला’, ‘पडतो–येतो’ अशा जोड्या आणून ठेवतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी येणे ही मराठीची रीत असल्यामुळे हे साहजिकच होय. परंतु या जोड्यांत सारखा असतो तो केवळ प्रत्यय. शेवटच्या अक्षराबरोबर त्याच्या आधीचा स्वरही जुळला म्हणजेच कानाला गोडी वाटते. ‘गेला’शी ‘केला’, ‘नेला’ जुळतात. ‘आला’शी ‘झाला’, ‘भाला’. हा भेद व्याख्येने शिकवू नये. दोन्ही प्रकारच्या जोड्या मोठ्याने म्हणवून घेतल्या, की मुले तो आपण होऊन सांगतात.

शब्द शोधण्यास मुळाक्षरांचा तक्ता पुरेसा आहे. फळ्यावर ‘पान’ लिहून पहिल्या अक्षराच्या जागी एकेक व्यंजन ठेवीत जावे. कान, गान, छान, तान, दान, भान, मान, रान असे शब्द हाती येतात. निरर्थक निघतील ते मुले हसत हसत टाकून देतात. याच वेळी कोणी ‘घाण’ किंवा ‘ताण’ सांगेल. तेथे मात्र शिक्षकांनी थोडे थांबावे.

न आणि ण यांचा भेद प्रमाण भाषेत आहे. पण वऱ्हाडात, खानदेशात व अन्यत्रही अनेक घरांत ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असाच बोलला जातो. अशा घरच्या मुलाने ‘पाणी’शी ‘ज्ञानी’ जुळविले, तर त्याच्या कानाने चूक केलेली नाही. त्याच्या बोलीत ते यमक पुरे आहे. ‘चूक’ एवढाच शेरा मिळालेले मूल पुढील तासाला तोंड उघडत नाही, आणि घरची भाषा शाळेत आणण्याजोगी नाही एवढेच शिकते. शिक्षकांनी ती जोडी फळ्यावर घ्यावी, बोलीत ती जुळते हे वर्गासमोर मान्य करावे, आणि मग पुस्तकी उच्चाराप्रमाणे ‘पाणी’च्या शेजारी ‘गाणी’, ‘राणी’, ‘वाणी’ मांडावे. शुद्धलेखनाचा धडाही त्यात होऊन जातो.

शब्द सापडूनही कधी ओळ बसत नाही. ‘ताई नळाचे पाणी आणते’ हे गद्य झाले. ‘ताई आणते नळाचे पाणी’ असे म्हणताच ओळीच्या अखेरीस पुष्कळ सोबती असलेला शब्द येतो. पदे हलविली तरी अर्थ बहुधा हलत नाही, ही मराठीची मोठीच सोय आहे. ‘चंद्र’सारखा शब्द मात्र ओळीच्या पोटात ठेवावा, नाहीतर त्याच्या सोबतीसाठी इंद्राला उगाच गाण्यात यावे लागते.

प्रत्येक ओळ जुळलीच पाहिजे असेही नाही. मोठ्या अभंगात ६, ६, ६ व ४ अक्षरांचे चार चरण असून यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे असते. चौथा मोकळा राहतो. मुलांना हा मोकळा चरण फार उपयोगी पडतो. जुळविता न आलेली गोष्ट तेथे सांगता येते. मोरोपंतांची (१७२९–१७९४) अवघड यमके प्राथमिक वर्गात आणण्याचे कारण नाही.

वह्या तपासताना अर्थासाठी सुटलेले यमक तसेच राहू द्यावे. यमकासाठी ओढून आणलेल्या शब्दाखाली मात्र रेघ मारून, ‘हे तुला खरोखर सांगावयाचे होते काय?’ असे मुलास विचारावे. गृहपाठ म्हणून घरातील वा शेजारच्या आजीकडून जात्यावरची एखादी ओवी उतरवून आणण्यास सांगावे, आणि ती आजी जशी म्हणेल तशीच लिहावी, अशी सूचना द्यावी.