खोडी कोणती आणि चूक कोणती?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक विद्युत केंद्राचे शीतक मनोरे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. त्यांतून वर जाणारे पांढरे लोट म्हणजे धूर, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे तो धूर नव्हे. कोळशाचा धूर उंच चिमणीतून जातो. मनोऱ्यातून बाहेर पडते ती उबदार, दमट हवा. तिच्यातील बाष्प थंड होऊन त्याचे बारीक जलकण बनतात आणि तेच आपल्याला पांढरे दिसतात.

आता समजा, कोणी या मनोऱ्यांचे छायाचित्र ‘विकिमीडिया कॉमन्स’ या सार्वजनिक संग्रहात ठेवले आणि खाली लिहिले, ‘धूर ओकणारे मनोरे’. ही खोडी म्हणायची की चूक? आणि ती दुरुस्त करायची कोणी?

हा संग्रह ७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाला. आज त्यात दहा कोटींहून अधिक चित्रे, ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती आहेत. त्या कोणालाही फुकट वापरता येतात. नाव नोंदवून कोणीही आपले चित्र तेथे ठेवू शकतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तो आणि इतर तीनशेहून अधिक भाषांतील विकिपीडिया येथूनच चित्रे घेतात. गावात पाण्याची एकच टाकी असावी आणि घरोघरी तिचे नळ गेलेले असावेत, तसे हे आहे. सोय मोठी, पण टाकीत कोणी घाण टाकली तर ती एकाच वेळी सर्व नळांना येते! एखाद्या नेत्याच्या छायाचित्राच्या जागी कोणी माकडाचे चित्र चढविले, तर ते मराठी, तमिळ, जपानी अशा सर्व लेखांत एकदम दिसू लागते. असे प्रकार घडत, म्हणून आता नवख्या सदस्याला दुसऱ्याच्या चित्रावर आपले चित्र सहजासहजी चढविता येत नाही. वर्णनात अचकटविचकट लिहिणे किंवा मजकूर पुसून टाकणे मात्र अजून चालतेच.

मग हा संग्रह टिकतो कसा? शाळेच्या भिंतीवर कोणी कोळशाने रेघोट्या ओढल्या, तर ओढणाऱ्याला एक मिनिट लागते आणि चुना लावणाऱ्याचा अर्धा दिवस जातो. येथे हे गणित उलटे आहे. प्रत्येक चित्राच्या आणि प्रत्येक वर्णनाच्या सर्व जुन्या आवृत्त्या ‘इतिहास’ या सदरात जपून ठेवलेल्या असतात. खोडी करायला एक मिनिट लागते, तर ती उलटवून पूर्वीची आवृत्ती परत आणायला एकदोन सेकंद पुरतात. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत हुशारीची गोष्ट हीच आहे. कुलूप लावण्यापेक्षा दुरुस्ती स्वस्त करण्यावर तिचा भर आहे.

पण दुरुस्ती करण्यापूर्वी खोडी दिसली पाहिजे. त्यासाठी जगभरचे स्वयंसेवक ‘अलीकडील बदल’ या यादीवर गस्त घालतात. त्यांना पगार नसतो. कोणी शिक्षक असतो, कोणी विद्यार्थी. त्यांच्या मदतीला संगणकाचे कार्यक्रम असतात. मराठी विकिपीडियावर अशा कार्यक्रमाला ‘सांगकाम्या’ हे झकास नाव आहे.

मग सर्व काम सांगकाम्यावरच का सोपवीत नाहीत? येथे पुन्हा दीपनगरला जाऊ. विजेच्या जनित्रावर रिले नावाचे पहारेकरी उपकरण असते. काही बिघडले की ते क्षणात जनित्र बंद पाडते. रिले फार हळवा ठेवला, तर काही दोष नसताना संच बंद पडतो आणि लोक म्हणतात, लाईट गेली. तो फार सुस्त ठेवला, तर खरा दोष आल्यावर यंत्र जळते. सांगकाम्याचीही अडचण हीच.

वहीत हिशेब करून पाहा. समजा, १००० बदलांत ४० खोडसाळ आहेत आणि ९६० प्रामाणिक. आपला सांगकाम्या शंभरांतल्या ९० खोड्या पकडतो आणि शंभरांतल्या फक्त ५ प्रामाणिक बदलांवर चुकून संशय घेतो. ऐकायला उत्तम वाटते. पण पकडलेल्या खोड्या झाल्या ३६ आणि संशयित प्रामाणिक बदल झाले ९६० चे ५ टक्के, म्हणजे ४८. पकडलेल्या ८४ बदलांपैकी निम्म्याहून अधिक निरपराधी! खोडकर थोडे आणि प्रामाणिक पुष्कळ असले की असे होते. पहिल्यांदाच काही चांगले लिहिणाऱ्या मुलाचे काम क्षणात पुसले गेले, तर तो पुन्हा येईल काय?

म्हणून इंग्रजी विकिपीडियावर २०१० पासून काम करणाऱ्या ‘क्लूबॉट एनजी’ या सांगकाम्याची रचना उलट क्रमाने केली आहे. निरपराधी किती थोडे सापडलेले चालतील, हे माणसे आधी ठरवितात. त्या मर्यादेत जेवढ्या खोड्या पकडता येतील तेवढ्या तो पकडतो. उरलेल्या माणसांनी पाहायच्या.

कॉमन्सवर आणखी एक युक्ती आहे. प्रत्येक संचिकेवरून गणिताने चाळीस चिन्हांचा एक ‘ठसा’ काढतात. काढून टाकलेले चित्र कोणी तसेच परत चढविले, तर ठसा जुळतो आणि चोरी उघडी पडते. मात्र चित्राचा एक ठिपका जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. खोडकरांनाही हे ठाऊक असते.

आता मनोऱ्यांकडे वळू. ‘धूर ओकणारे मनोरे’ या ओळीत एकही अपशब्द नाही. ठसा जुळत नाही, सांगकाम्याला शंका येत नाही, जपानमधला गस्तवालाही ‘ठीक आहे’ म्हणून पुढे जातो. दीपनगरच्या चित्राखाली कोणी ‘परळी’ लिहिले तरी तसेच होईल. शिवी एका मिनिटात पुसली जाते, पण अशी सभ्य दिसणारी चूक वर्षानुवर्षे तशीच राहू शकते आणि तेथून एखाद्याच्या प्रकल्पवहीत उतरते. ती ओळखतो तो त्या गावचा माणूस. लिहिणाऱ्याने बहुधा मुद्दाम केलेले नसते, म्हणून अनुभवी स्वयंसेवक त्याला दरडावीत नाहीत. मजकूर सुधारतात आणि कारण एका ओळीत नोंदवितात.

शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने हे करून पाहा. कॉमन्सवर आपल्या तालुक्यातील धरण, स्थानक किंवा देऊळ यांचे चित्र शोधा. ठिकाण, दिशा, नदीचे नाव बरोबर आहे का, ते तपासा. मग ‘इतिहास’ उघडा आणि सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या नोंदीपासून वर वाचत या. कोणी काय बदलले, कोणी ते उलटविले आणि का, हे वहीत लिहा. चूक सापडली आणि खात्री असली, तर कारण देऊन सुधारा. खात्री नसेल, तर चर्चेच्या पानावर प्रश्न विचारा.